शेपटीच्या चाकाचा दोष

जयपूरच्या इस्पितळात नोकरीला लागलो तेव्हा मी तिशीचा होतो आणि विमान चालवायला नुकताच शिकलो होतो. एकोणीसशे छप्पनच्या सुमारास एका जागीरदारांच्या घरचं जुनं विमान विकायला निघालं. साताऱ्याकडची माझ्या वाट्याची जमीन विकून मी ते घेतलं.

लढाईच्या आधीचं, दोन माणसांचं, कापडाच्या पंखांचं विमान. पुढे दोन मोठी चाकं, शेपटीखाली एक लहानसं. हवेत ते अगदी शहाण्यासारखं वागे. जमिनीवर मात्र वाऱ्यानं शेपटी जरा ढळली आणि पायांखालच्या पेडलनी तिला लगेच आवरलं नाही, की सबंध विमान स्वतःभोवती गर्रकन फिरे.

जागीरदारांकडे त्याची देखभाल करणारे मिस्त्रीजी माझ्याकडेही येत राहिले. साठीला आलेले, विमानतळाजवळच्या सांगानेर गावचेच. सायकलवरून विमानतळावर येत. फाटलेल्या कापडाला इतके बारीक टाके घालत की मी, डॉक्टर असून, बघत राही. मी निघालो की एकच सांगत, "डॉक्टरसाब, इंजन बंद होने तक पाँव ढीले मत छोड़ना."

एका एप्रिलच्या रविवारी बायकोला पुढच्या सीटवर बसवून मी सांभरच्या तळ्यापर्यंत गेलो. परतलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि आडवा वारा सुटला होता. तरी विमान अलगद टेकलं. शेडपाशी ओळखीची चार मंडळी उभी होती. मी त्यांच्याकडे बघून हात केला. तेवढ्यात शेपटी सुटली. विमान फिरलं, डावा पंख जमिनीला घासला, आतल्या लाकडी फासळ्या मोडल्याचा आवाज आला.

मिस्त्रीजी धावत आले. विमानाकडे न बघता आधी त्यांनी बायकोला हात देऊन उतरवलं. तिला काही लागलं नव्हतं.

"काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"शेपटीचं चाक अडकलं," मी म्हणालो.

ते तोंडातून कसं निघालं, मला आजही सांगता येणार नाही. मिस्त्रीजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी वाकून ते चाक हातानं फिरवलं. सहज फिरलं. ते उभे राहिले आणि मोडक्या पंखाकडे वळले. दोन दिवसांनी चौकशीला अधिकारी आले, त्यांनाही मी तेच लिहून दिलं.

घरी बायको म्हणाली, "अहो, चाक नव्हतं अडकलं. तुम्ही हात केलात."

"तुला विमानातलं काय कळतं?"

ती पुन्हा त्या विमानात बसली नाही.

मिस्त्रीजींनी दोन महिने खपून पंख दुरुस्त केला. दरम्यान विमानतळावरच्या इतर मालकांनी त्यांना काम देणं बंद केलं होतं. ज्याच्या हातचं चाक अडकतं त्याच्यावर जीव कोण सोपवणार? पंखाच्या कापडावरचा शेवटचा लेप वाळल्यावर त्यांनी हात पुसले. "अब किसी और को देख लीजिए," म्हणाले. मी त्यांना थांबवू शकत होतो. "ठीक आहे" म्हणालो.

नंतर तीनेक वर्षं मी ते विमान उडवलं, मग विकून टाकलं. साठ साल सरल्यावर पुण्याला नोकरी ठरली, तेव्हा जायच्या आधी सांगानेरला त्यांचं घर शोधत गेलो. कापड छापणाऱ्यांच्या गल्लीत ते छपाईच्या मेजांचे पाय ठोकून देण्याचं काम करत होते. मला बघून त्यांनी खाट झटकली, चहा सांगितला. मी सगळं बोललो. चूक माझी होती, मी खोटं सांगितलं, खोटं लिहून दिलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ये बात वहाँ बोलनी थी साब, जहाँ सबने सुना था."

मी मान हलवली. तिथून विमानतळ सायकलनं दहा मिनिटांवर होता. मंडळी पांगली असतील, अधिकारी बदलून गेले असतील, असं म्हणत मी बस पकडून घरी आलो. चौकशीच्या कचेरीला चार ओळींचं पत्र तरी लिहिता आलं असतं. तेही लिहिलं नाही.

बायको ट्रंका भरत होती.

"सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"चहा दिला त्यांनी," मी म्हणालो आणि पुस्तकं बांधायला बसलो.