सासूबाईंसाठी स्टॅबिलायझर बार

आमच्या सासूबाईंना गाडीचं वावडं नाही, फक्त वळणांचं आहे.

त्यांची थोरली बहीण, कमलमावशी, ठाण्याला कोलशेतला राहते. तिचं कंबरेचं ऑपरेशन झालेलं आणि आईंना तिला भेटायची ओढ लागलेली. पण डोंबिवलीहून निघून मुंब्रा बायपास गाठला, की आमची जुनी, उंच गाडी प्रत्येक वळणावर कुशीवर झुकायची, आणि आईंचं पोट तिच्यासोबत! दोनदा आम्ही अर्ध्या वाटेतून परत आलो. (गाडी मी धुतली. तिसऱ्यांदा धुणार नव्हते.)

"झुकणं कमी करायचं तर स्टॅबिलायझर बार बदला," मानपाड्याचे गॅरेजवाले पाटील म्हणाले. म्हणजे दोन्हीकडच्या चाकांना खालून जोडणारी पोलादी दांडी. त्यांनी तीन पुढ्यात मांडल्या: बारीक, मध्यम, जाड.

मी एकेक उचलून हातानेच वजन जोखलं. तवा मी असाच घेते, कुकर असाच घेतला. (नवरा बघताना मात्र ही सोय नव्हती.)

"जाड द्या."

"ताई, गारी जुनी, रस्ते आपले असले. एवरा जार नको. मधला घ्या."

"अगं, ते रोज हेच काम करतात," शिरीष, म्हणजे नवरा, कुजबुजला.

"मधला म्हणजे तडजोड! ती पंचवीस वर्षं केलीय मी."

शिरीष टायर बघायला निघून गेला.

जाड बार बसवून रविवारी निघालो. गाडी मी चालवत होते, शिरीष शेजारी, आई मागे. पहिल्याच चौकात गाडी न झुकता अशी वळली, की मी आरशातून आईंकडे विजयी नजर टाकली. तेवढ्यात डावं चाक खड्ड्यात गेलं. जाड दांडीने उजव्या चाकालाही इमानदारीत हिसका दिला! आईंचं डोकं आधी डावीकडे, मग उजवीकडे.

"सुषमा, एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं त्याला सोबत करतं का गं?"

"नवीन आहे, आई. रुळेल."

"कोण? तो की मी?"

शिळफाट्यापर्यंत आईंची मान नकारार्थी हलत राहिली. (स्वतःहून नव्हे.) बायपासला गाडी तसूभरही झुकली नाही, पण त्या ताठ दांडीपायी पुरेशी वळलीही नाही! मी स्टिअरिंग ओढतेय आणि गाडीचं नाक बाहेरच्या कठड्याकडे!

"ब्रेक! ब्रेक!" शिरीष किंचाळला.

"रामा रे!" आई.

कठडा वाचला. आम्हीही. कोलशेतला आई खणखणीत उतरल्या.

"बघा, उलटी नाही! इलाज लागू पडला!" मी.

"कसला इलाज! जीव मुठीत होता, पोटाकडे बघायला सवड कुणाला?"

पण दोघी बहिणी चार तास बोलल्या. निघताना आई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येते गं. रिक्षाने का होईना."

सोमवारी मी निमूट मानपाड्याला गेले. पाटलांनी मधला बार आधीच काढून ठेवला होता!

पुढच्या रविवारी गाडी वळणावर जराशीच झुकली, खड्ड्यात जराशीच हलली, आणि बायपासला आईंना चक्क डुलकी लागली. हे ऐकून मावशीने कौतुकाने विचारलं, "एवढा छान बार निवडला कुणी?"

"आमच्या शिरीषने," आई म्हणाल्या.

मी मावशीची उशी सरळ केली. श्रेय मागायला गेले असते, तर आधीचा कुणी निवडला होता हेही मलाच सांगावं लागलं असतं!