बिनभांड्याचा थेंब

अमरावतीच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, शालिकरामभाऊंनी तीस वर्षं काचेची भांडी धुतली. त्यामुळे चांदूर रेल्वे गावाहून येणारी विद्यार्थिनी आरती जेव्हा म्हणाली, "काका, माह्या प्रयोगाले भांडंच लागत नाही," तेव्हा त्यांना ती थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती. वर-खाली बारक्या स्पीकरच्या दोन रांगा, त्यांतून कानाला ऐकू न येणारा आवाज, आणि त्या आवाजाच्या जोरावर मधल्या हवेत अधांतरी तोललेला मिठाच्या पाण्याचा थेंब. भांड्याची भिंत लागली की मिठाचे खडे तिथूनच धरतात. थेंब कशालाच टेकला नाही, तर कसा सुकेल? आरतीला तेच पाहायचं होतं. पण सिरिंजच्या सुईनं थेंब हवेत सोडताना तिचा हात थरथरायचा. एकदा भाऊंनी सुई घेतली आणि थेंब पहिल्याच खेपेला ठरला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दोन महिने बायकोच्या, मनकर्णाबाईंच्या, डोळ्यांत औषध घातलेला हात तो! मग वर्षभर थेंब त्यांनीच ठेवले. वाऱ्यानं थेंब पडायचा, म्हणून त्या वेळात कूलर लावणाऱ्याची धडगत नसे.

परीक्षेच्या दिवशी मे महिना नुसता भाजून काढत होता. थेंब दिसला नाही तर प्रकल्प नापास आणि पोरीचं वर्ष वाया. बाहेरगावचे परीक्षक आले ते घामाघूम. आता वऱ्हाडात असा पाहुणा दारात आला की पाण्याच्या तांब्याआधी कूलर लागतो. भाऊंनी सवयीनं बटण दाबलं.

परीक्षा आरतीची, म्हणून थेंब तिनंच ठेवला. तो पडला. दुसराही पडला. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. आरतीचे डोळे भरले, पण कूलरकडे तिनं मान वळवली नाही. काकांचं नाव तिला पुढे करायचं नव्हतं. ते पाहून भाऊंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"साहेब, चूक माही हाय. कूलर म्या लावला. वाऱ्यानं थेंब पडून राहिला. पोरीले काहून दोष?"

कूलर बंद झाला. आरतीनं सुई भाऊंच्या हाती दिली. या वेळी थेंब ठरला, आणि दहा-बारा मिनिटांत हवेतच सुकून त्याचा पांढरा दाणा झाला.

"पण या वेळी थेंब तुम्ही स्वतः का नाही ठेवला?" परीक्षकांनी आरतीला विचारलं. भाऊंना वाटलं, पोरी, काहीतरी सांगून मोकळी हो.

"सर, वर्षभर थेंब काकांनीच ठेवलेत. मोजमाप माझं, हात त्यांचा. वहीत तसंच लिहिलंय."

परीक्षकांनी वही चाळली. पानोपानी होतं, 'थेंब ठेवणारे : शालिकराम'. भाऊंनी ते कधी वाचलं नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि ते लपवायचं सुचलंही नाही.

"पास तर आहेच ही," परीक्षक बाह्या सरकवत म्हणाले. "आता मला शिकवा."

तीस वर्षांत पहिल्यांदाच शालिकरामभाऊंनी एका साहेबाचं मनगट धरलं.

"जोर नका लावू, साहेब," ते म्हणाले. "हात सैल सोडा."