मावशीचा कौल

रविवारी साऱ्या देशाला कौल द्यायचा होता: मित्रदेशाशी असलेला करार ठेवायचा की मोडायचा. मावशीचं काही केल्या ठरत नव्हतं. एरवी भाजी घेतानासुद्धा जिचं मत आधी ठरलेलं असतं, ती आठवडाभर गप्प होती.

मावशी मित्रदेशाच्या लष्करी तळावर, लाँड्रीत इस्त्रीला. तळ आला तशा नोकऱ्या आल्या, मोठं हॉस्पिटल आलं. तिच्या मुलीच्या हृदयाला जन्मतःच भोक होतं. ते तिथल्या डॉक्टरांनी फुकटात बुजवलं. त्यांच्याविरुद्ध कुणी ब्र काढला, की मावशी अंगावर धावून जायची.

मग त्यांचं युद्ध लागलं. करारच तसा, म्हणून आपलीही पोरं गेली. लपूनछपून काही नाही; दोन्हीकडे निवडून आलेली सरकारं, दोन्हीकडे रीतसर मतदान. रीतसर झालं म्हणून पोटचं पोर गेल्याचं दुःख कमी होत नाही, एवढं मात्र कुणी भाषणात सांगितलं नाही. मावशीचा मुलगाही लढायला गेला, तो सापडलाच नाही.

बराकीत राहिलेला त्याचा गणवेश घरी पाठवण्याआधी इस्त्रीला आला, तो नेमका तिच्याच टेबलावर. लाँड्रीत एक रीत होती: गेलेल्या जवानाच्या शर्टाचं गळ्याचं बटण लावायचं, जिवंत माणसाचं उघडं ठेवायचं. मावशीने ते लावलं नाही. सुपरवायझर बाई मित्रदेशाची, तिचा भाऊ त्याच युद्धात गेलेला. तिने पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे." तेव्हापासून तो शर्ट लाँड्रीतच खिडकीशी टांगलेला आहे. वारा नसतानाही त्याच्या बाह्या हलतात, असं मावशी सांगते. मला हसू येत नाही, कारण शेजारच्या टेबलावर इस्त्री करताना मीही त्या हलताना पाहिल्यात.

रविवारी मी तिच्याबरोबर गेले. वाटेत तिची मुलगी म्हणाली, "मी करार नकोच म्हणणार. दादासाठी." मावशी मतदानाला आत गेली ती बराच वेळ बाहेरच येईना.

"काय केलंस गं?" परतताना मी विचारलं.

"ठेवा म्हटलं." पुढे चाललेल्या मुलीकडे तिने पाहिलं. "हिला परत काही झालं तर कुठे नेऊ?"

थोडं चालल्यावर तिने माझा हात घट्ट धरला.

"उद्या कामावर जायचंय. तो तिथे असणार. त्याला काय सांगू?"