खोटी टर्मिनलं

अंधेरी पूर्वेच्या त्या कंपनीत मी टायपिस्ट म्हणून लागले, आणि मशीनवाल्यांच्या मागे उभी राहून राहून मशीन चालवणारं युनिक्स शिकले. शिकवलं कुणी नाही हो. मॅन्युअलं वाचली, कळली नाहीत तिथे परत वाचली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. खालच्या मजल्यावरच्या मशीनवरून वरच्या मशीनमध्ये शिरता यायला हवं होतं. त्यासाठी वरच्याचा कर्नल, म्हणजे सगळा कारभार हाकणारा गाभाच, नेटवर्कची सोय घालून नव्याने बांधायचा होता. ते काम जमणारा इंजिनिअर नेमका दुबईला गेला. मी म्हटलं, मी करते.

साहेब म्हणाले, “करा. शनिवारी चारला गिऱ्हाईक पार्टी बघायला येतेय. जमलं तर मशीन रूम तुमची. नाही तर बाई, टायपिंग आहेच.”

कर्नलमध्ये काय काय हवं त्याची एक यादी असते, एका ओळीत एक वस्तू. मशीनची मेमरी एवढीशी, म्हणून आपल्याकडे नाही ते गाळायचं. मी नेटवर्कच्या ओळी घातल्या आणि बाकी यादी निवडायला बसले, तांदूळ निवडावेत तशी. एका ओळीत होती खोटी टर्मिनलं. आमच्याकडे आठ होती, सगळी खरी, पडदा-कीबोर्डवाली. खोटी कशाला पोसायची? गाळली.

शनिवारी सकाळी कर्नल बांधायला लावला. दोन तास नुसत्या ओळी सरकताहेत. मी अनवाणी, चपला मशीन रूमच्या बाहेर, गार फरशीवर इकडून तिकडे. डेटा एन्ट्रीची मैत्रीण मालवणची. ती वैतागली.

“बस गो जरा! तू फेरे घातलंस म्हणान ता लवकर शिजतला काय?”

एकच्या सुमारास नवा कर्नल चढला. खालच्या मशीनवरून हाक घातली, वरच्याचं उत्तर आलं. पण लॉगिन करायला गेलो तर आत घेईना! परत केलं. नाहीच.

“केबल!” साहेब ओरडले. केबलवाला जिन्यातली केबल उचकटायलाही लागला.

पण उत्तर येतंय म्हणजे केबल धड आहे ना? मी मॅन्युअल उघडलं. जो नेटवर्कवरून येतो, त्याचा कीबोर्ड या मशीनला जोडलेला नसतो. म्हणून त्याला बसायला मशीन एक खोटं टर्मिनल देतं. आणि ती ओळ तर मीच गाळली होती. वाटलं, गप्प बसावं, केबलवर जाऊ दे. पण परत बांधायला दोन तास मशीन अडवून ठेवायचं तर गप्प कशी बसणार?

“साहेब, केबल ठेवा. चूक माझी. एक ओळ गाळलीय, परत बांधायला हवा.”

“किती वेळ?”

“आता दीड. साडेतीनपर्यंत होईल.”

“आणि नाही झालं तर?”

“तर टायपिंग.”

मी ओळ परत घातली आणि बांधायला लावला. मी पाणीसुद्धा प्यायले नाही. साडेतीन वाजले, पावणेचार वाजले, ओळी सरकतच होत्या. पार्टी दहा मिनिटं आधीच आली, साहेबांनी चहात गुंतवली. चारला दोन मिनिटं असताना बांधून झाला. चढवला, मशीन पुन्हा चालू केलं.

खालच्या मशीनवर बसवलेल्या मैत्रिणीची आरोळी आली, “गो, आत इलंय!”

साहेब पार्टीला म्हणाले, “ह्या आमच्या मशीन रूमच्या बाई.”

मी नमस्कार केला खरा, पण डोकं तिकडे नव्हतंच. गाळलेल्या बाकीच्या ओळी एकेक करून आठवत होते, कारण यापुढे मशीन अडलं की बोलावणं मलाच येणार होतं.