प्रथमेशच्या नावापुढे माझी धडधड

आमच्या टीमचे सगळे किस्से माझ्याकडेच कसे साठतात, असं पोरं मला विचारतात. उत्तर सोपं आहे. मी भित्री आहे! ज्याला भीती वाटत नाही तो प्रसंग संपला की जेवतो आणि झोपतो. मला मात्र कोण कुठे उभं होतं, कोणी कुठला शर्ट घातला होता, इथपर्यंत सगळं पाठ असतं. आमचा गेम टीव्हीवर गेल्यापासून तर इतकं साठलंय की कुणी अर्धा कप चहा पाजला तरी मी सुरू होते.

उरणमध्ये टायरच्या दुकानावर आमची खोली आहे. खालून पोर्टकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर, आणि वर मोबाइलवर डोळे लावून बसलेली चार पोरं. मी वैशाली, त्यांची कोच. आधी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. गेम असा की बऱ्याच टीम विमानातून एका बेटावर उतरतात, एकमेकांना मारतात आणि शेवटपर्यंत जी जिवंत राहते ती जिंकते. पहिल्या दिवसापासून मला वाटत आलंय की ती आमची नसणार.

* * *

आमचा कॅप्टन प्रथमेश करंज्याच्या कोळीवाड्यातला. त्याचे वडील बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीचे कप्तान. शाळेच्या सुट्टीत हा त्यांच्याबरोबर समुद्रावर जायचा. बोटीवरचा एक नियम त्याने जसाच्या तसा टीममध्ये आणला. जाळं ओढायची वेळ आली की सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं, बोलेल तो फक्त तांडेल!

आमच्याकडेही तेच. शत्रू दिसला की तिघं चिडीचूप. प्रथमेशसुद्धा गप्प. तो फक्त बघत राहायचा, बघत राहायचा, आणि नेमक्या क्षणी म्हणायचा, "दे!" की चौघं एकदम तुटून पडायचे.

आमचा रेहान श्रीवर्धनचा, अखंड बडबड्या. पहिल्या आठवड्यात तो मला म्हणाला, "ताई, ये बंदा सोया तो नहीं ना?" त्याच संध्याकाळी आम्ही पहिली स्पर्धा जिंकलो. तेव्हापासून रेहानही गप्प बसायला शिकला, आणि त्याच्या अम्मीने मला फोन करून दुवा दिली.

* * *

मग चॅनेल आलं. तोवर आमच्या स्पर्धा लग्नाच्या हॉलमध्ये, लग्नाच्याच खुर्च्यांवर व्हायच्या. आता दिवे, कॅमेरे आणि जाडजूड करारपत्र. ते मी घरी नेलं. माझे वडील रिटायर्ड हेडमास्तर, लाल पेन घेतल्याशिवाय ते कागद वाचत नाहीत.

एका पानावर ते थांबले. तिथे लिहिलं होतं की मॅचमध्ये खेळाडूंनी बोलत राहायचं. आठ सेकंदांपेक्षा जास्त शांतता झाली की वॉर्निंग. तीन वॉर्निंग झाल्या की कॅप्टन बदलायचा अधिकार चॅनेल आणि स्पॉन्सरला.

बाबांनी चष्मा काढला. "मी आख्खी नोकरी पोरांना गप्प बसवण्यात घालवली," ते म्हणाले, "आणि हे लोक गप्प बसला म्हणून शिक्षा करणार?"

मी हसले. पण त्या रात्री मला झोप आली नाही. प्रथमेश आठ सेकंद तर "गुड मॉर्निंग" म्हणायच्या आधी घेतो!

* * *

स्पॉन्सर होतं एक एनर्जी ड्रिंक, निळ्या डब्यातलं. डबा टेबलावर ठेवायचा, नाव कॅमेऱ्याकडे हवं. दोन राउंडच्या मध्ये घोट घ्यायचा, आणि घोट घेताना बोट नावावर येता कामा नये.

रिहर्सलला रेहानचं बोट सारखं नावावर यायचं. परत घ्या. परत घ्या. असे त्याने पाच डबे रिचवले. मग मॅच सुरू झाली, आणि जाहिरातीची वेळ ठरलेली असल्याने मध्ये कुणालाच उठता येईना.

हेडफोनमध्ये प्रथमेशने विचारलं, "रेहान, काय दिसतंय?"

"भाई, मला फक्त टॉयलेट दिसतंय!"

आमचा तांडेल हसला. आयुष्यात पहिल्यांदा मॅचमध्ये हसला आणि तिथेच मेला. गेममध्ये मेला म्हणते मी. चॅनेलने मात्र तो तुकडा आठवडाभर दाखवला. आम्ही हरलो होतो याची कुणालाच पडली नव्हती, आणि तिथेच मला खरी धडकी भरली.

* * *

चॅनेलच्या तान्या मॅडम वयाने माझ्याएवढ्याच. वाईट बाई नव्हे. आवाज कधी चढवत नसत, म्हणून मी त्यांना जास्त घाबरायचे. त्यांना कळलं की प्रथमेशचे वडील बोटीवर असतानाच हार्ट अटॅकने गेले. लगेच त्या कॅमेरा घेऊन उरणच्या मासळी बाजारात हजर! प्रथमेशची आई, हिरामावशी, तिथे पाटी घेऊन बसते.

"आई, ते कसे गेले ते सांगा ना. रडू आलं तर थांबवू नका."

मावशीने कोयता खाली ठेवला. "रडायचा होता तवा रडून झाला," ती म्हणाली. "आता तू पापलेट घेतंस का ते बोल."

मॅडमनी दोन किलो पापलेट घेतलं. मुलाखत मिळाली नाही. निघताना मावशीने मला बाजूला ओढलं. "बाय, पोराचे तब्येतीवर ध्यान ठेव. त्याचा बापूस पन कदी काय बोलला न्हाय. बोलला असता तर वाचला असता."

हे मी विसरू शकत नाही. भित्र्या माणसाला असं काही सांगूच नये.

* * *

पुढे आले छातीवरचे पट्टे. शर्टाच्या आत पट्टा बांधायचा की खेळाडूच्या काळजाचे ठोके टीव्हीवर त्याच्या नावापुढे दिसतात. रेहान एकशे तीस. चिन्मय, जो दिसायला सगळ्यात देखणा, एकशे पंचवीस. चौथा सोहम, जो आमच्याकडे मुख्यतः घाम पुसतो, एकशे चाळीस.

प्रथमेश चौसष्ट!

तिन्ही बाजूंनी गोळ्या चालल्यात आणि हा चौसष्ट. मशीन बिघडलं म्हणून चॅनेलच्या तिघांनी येऊन पट्टा बदलला. परत चौसष्ट. शेवटी तंत्रज्ञाने तो स्वतःच्या छातीवर लावून बघितला, आणि मॅडम शेजारी उभ्या असल्याने त्याचेच ठोके शंभरावर गेले.

"हे चालणार नाही," तान्या मॅडम म्हणाल्या. "हा बोलत नाही, घाबरत नाही. लोकांनी बघायचं काय?"

त्या दिवशी प्रथमेशला दुसरी वॉर्निंग मिळाली. पोस्टरवर चिन्मय मधोमध आला. तिसऱ्या वॉर्निंगनंतर कॅप्टन कोण होणार हे सगळ्यांना कळलं. चिन्मय रडवेला होऊन माझ्याकडे आला. "ताई, मी कॉल द्यायला लागलो तर आपण विमानातून उतरायच्या आधीच मरू!"

* * *

मी मॅडमकडे गेले. मी म्हटलं, प्रथमेशला गप्प राहू द्या, तो तसाच जिंकतो, त्याची जागा काढू नका.

मॅडमचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. मग म्हणाल्या, "तुम्ही नेहमी एवढ्या थरथरता?"

आणि त्यांनी प्रथमेशचा पट्टा माझ्या छातीवर बांधला.

एकशे अठ्ठेचाळीस!

"परफेक्ट," मॅडम म्हणाल्या. "तो गप्प राहू दे. आकडा पळायला हवा." अट एकच, कुणाला सांगायचं नाही. घरच्यांनाही नाही.

मी हो म्हटलं. पुढच्या प्रत्येक मॅचला मी स्टेजमागे स्टुलावर बसून घाबरायचे आणि ते प्रथमेशच्या नावापुढे दिसायचं. वॉर्निंग बंद झाल्या. चेहरा दगडासारखा आणि आत एवढं वादळ, म्हणून लोक त्याच्यावर जीव टाकू लागले. माझ्या बाबांनीही फोन केला. "तुमचा कॅप्टन फार भितो गं. तुझ्यावर गेला का?"

प्रथमेशला हे खटकायचं. एकदाच बोलला तो. "ताई, आईने बगितला तर?" मी म्हटलं, मॅच दुपारी असते, मावशी बाजारात असते, ती कुठे बघणार.

* * *

फायनल रविवारी संध्याकाळी ठेवली होती. बाजार आटोपून मावशी घरी पोचली, आणि कोळीवाड्याने जेट्टीवर मोठा पडदा लावला होता.

शेवटच्या तीन टीम उरल्या. आमचे चौघं एका भिंतीआड बसलेले. प्रथमेश गप्प. स्टेजमागच्या पडद्यावर त्याच्या नावापुढे मी, एकशे बावन्न. तेवढ्यात फोन थरथरला. हिरामावशी.

"बाय! माजे पोराचा कालीज बग! एकशे बावन दावतंय! त्याचे तोंडावर काय पन दिसत न्हाय, त्याचे बापाचा असाच झालता! खेल बंद कर! त्याला दाक्तरकडं ने!"

मागून बायकांचा गलका ऐकू येत होता. मावशी रडत होती. बाजारात कॅमेऱ्यापुढे जी रडली नाही ती. आकडा एकशे साठवर गेला, आणि तो बघून ती आणखी ओरडली. मी घाबरले की तो वाढायचा, तो वाढला की ती घाबरायची, आणि ती घाबरली की मी.

खरं सांगितलं तर प्रथमेशची जागा जाणार होती. नाही सांगितलं तर ही बाई तिथेच कोसळणार होती. मी शर्टात हात घातला आणि पट्टा ओढून काढला.

पडद्यावर प्रथमेशच्या नावापुढे आलं: शून्य.

मला हे सुचलंच नव्हतं, देवाशपथ! फोनमधून जेट्टीवरची किंकाळी आली. इकडे कॉमेंटेटर बोलता बोलता थांबला. हॉलमधले लोक उठून उभे राहिले. पडद्यावर प्रथमेश बसलेला, डोळे मोबाइलवर, हालचाल नाही, शब्द नाही, आणि नावापुढे शून्य.

"मावशी!" मी किंचाळले. "तो पट्टा माझ्या छातीवर होता! ती धडधड माझी होती! पोरगा ठीक आहे!"

पलीकडे आवाज बंद. आठ सेकंद नक्की झाले असतील. त्या शांततेत स्टेजवरून ऐकू आलं, "दे!" आणि चौघं भिंतीआडून सुटले.

हॉलमध्ये काय गोंधळ झाला तो मला नंतर व्हिडिओत कळला. मी फोन कानाला लावून बसले होते.

"तुजी व्हती?" मावशी शेवटी म्हणाली. "एकशे साठ?"

"हो मावशी."

"मंग बाय, तू दाव दाक्तरला."

आम्ही जिंकलो होतो. तान्या मॅडम कॉरिडॉरमधून माझ्याकडे धावत येत होत्या. पट्टा माझ्या हातात लोंबकळत होता, लपवायला जागाही नव्हती. मनात म्हटलं, गेली प्रथमेशची जागा.

मॅडमनी माझे दोन्ही खांदे धरले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"प्रथमेशच कॅप्टन," त्या म्हणाल्या. "पुढचा सीझनही. फक्त तो शून्य... दर मॅचला एकदा जमेल?"