मागणीपत्रातला एक नग

माझा मामा लष्करी अधिकारी घडवणाऱ्या शाळेत स्टोअरकीपर होता. तीस वर्षं त्यानं घोंगड्या, बूट, तंबू दिले आणि मोजून परत घेतले. मागणीपत्रातला एक रकाना जरी कोरा असला, तरी तो कर्नललाही माघारी धाडायचा, तेही अगदी अदबीनं. मामी त्याला "काय नग आहे!" म्हणायची. मलाही दुसरा शब्द सुचत नाही.

निवृत्तीला तीन महिने उरले आणि तो चिडचिडा झाला. "तीस वर्षांत एकाही साहेबानं 'आहे का?' याशिवाय मला काही विचारलं नाही," म्हणायचा. आपल्यालाही काही कळतं हे कुणीतरी एकदा मानावं, एवढंच त्याला हवं होतं.

स्टोअरच्या शेजारी कॉम्प्युटरची खोली होती. तिथे तरुण अधिकारी युद्धाचा व्हिडिओ गेम खेळत. नद्या, पूल, रणगाडे, धान्याचे ट्रक, सगळं पडद्यावर. शिकवणाऱ्या कॅप्टनबाईंची अडचण अशी की मशीनच्या चाली पोरांना तोंडपाठ झाल्या होत्या. एका हातात चहाचा कप धरून जिंकायचे. शाळेचे प्रमुख म्हणाले, "शुक्रवारी मी बघायला येतो. असाच पोरखेळ दिसला तर खोलीला कुलूप."

हेडफोन मागायला आलेल्या कॅप्टनबाई मामापुढे हे बोलून बसल्या. मामा म्हणाला, "मॅडम, ते जिंकणारच. समोरच्या मशीनला भूक कुठे कळते?"

बाई हेडफोन विसरूनच गेल्या. "तुम्ही खेळाल?"

आठवडाभर त्यांनी त्याला गुपचूप शिकवलं. शुक्रवारी स्टोअरमध्येच, घोंगड्यांच्या थप्पीमागे, त्याच्यासाठी एक पडदा लावला. पलीकडच्या पोरांना वाटलं, समोर नेहमीचं मशीनच आहे.

मामानं हल्ला केलाच नाही. आपल्या माणसांना जेवू घातलं आणि समोरच्यांचं धान्य संपायची वाट बघत नदीकाठी बसून राहिला. पोरांची एक तुकडी मात्र जोशात नदी ओलांडून फार पुढे आली, तिचं धान्य संपलं आणि गेमनं तिच्या नावानं आपोआप मागणीचा निरोप धाडला. त्या गेममध्ये असा निरोप जवळ असलेल्या प्रत्येक ट्रकला ऐकू जायचा, मग तो शत्रूचा का असेना. मामाच्या पडद्यावर उमटलं: तुकडी सात, ठिकाण अमुक, धान्य इतकं हवं. सगळे रकाने भरलेले! हात आपोआप 'मंजूर'वर गेला आणि मामाचा ट्रक शत्रूला जेवण द्यायला निघाला.

शेजारच्या खोलीत एकच गोंधळ. "शत्रू जेवण का पाठवतोय?" "बॉम्ब असणार!" "मशीन असं कधीच करत नाही!" त्या एका ट्रकला घेरायला त्यांनी झाडून सगळ्यांना बोलावलं, पुलावरच्या पहारेकऱ्यांनासुद्धा. मामाला पूल मोकळा दिसला. तो सरळ पलीकडे गेला आणि त्यांचं मुख्यालय घेऊन बसला.

"कोण आहे हा?" प्रमुखांनी विचारलं. बाईंनी स्टोअरचं दार उघडलं. घोंगड्यांमधून मामा घामाघूम उभा राहिला.

"ट्रकचा डाव कुणी शिकवला?"

मी असते तर ठोकून दिलं असतं काहीतरी. मामा म्हणाला, "डाव कसला साहेब, चूक झाली. मागणीपत्र पूर्ण भरलेलं होतं, रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?"

प्रमुख डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग स्टूल ओढून बसले. "ती तुकडी उपाशी पडणार, हे आमच्या एकालाही दिसलं नाही. तुम्हाला कसं दिसतं हे?"

मामा तासभर बोलला. पोरं घोंगड्यांवर मांडी घालून लिहून घेत होती. लग्नातसुद्धा एवढा आनंद झाला नव्हता, असं तो घरी येऊन म्हणाला, आणि मामीनं त्या दिवशी त्याला जेवायला उशिरा वाढलं.

खोलीला कुलूप लागलं नाही. निवृत्तीच्या दिवशी मामा किल्ल्या सोपवत होता, तेवढ्यात कॅप्टनबाई मागणीपत्र घेऊन आल्या. वस्तू: शत्रू. नग: एक. कारण: आमचे अधिकारी अजून उपाशी राहतात. खाली प्रमुखांची सही.

मामानं चष्मा लावून कागद वाचला आणि अदबीनं परत केला. "मॅडम, मुदतीचा रकाना कोरा आहे."

बाईंनी तिथेच लिहिलं: हात चालतील तोवर.

मामानं 'मंजूर'चा शिक्का मारला, पण डोळे भरल्यामुळे तो तिरका बसला. घरी येऊन त्यानं कागदाची प्रत मामीपुढे ठेवली. तिनं ती मोठ्यानं वाचली, 'नग: एक'पाशी थांबली आणि म्हणाली, "अहो, एवढं कळायला त्यांना तीस वर्षं लागली? मी तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सांगितलं होतं!"