आईनं अर्ध्यावर सोडलेली प्रार्थना

काल घोंगडी उन्हात टाकली आणि तिच्या उबट वासासरशी मला सेनगावजवळची आमची ओसरी दिसली. दर रविवारी प्रार्थनेला हीच घोंगडी अंथरली जायची.

अक्षर न येणाऱ्या माझ्या आईनं महिनाभर मेंढरांमागे फिरताना येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना पाठ केली होती. त्या रविवारी ती पहिल्यांदाच सगळ्यांसमोर म्हणणार होती. डोईवर पदर घेऊन तिनं खणखणीत सुरुवात केली, पण 'आमच्या अपराधांची क्षमा कर' या ओळीपाशी अडली. विसरली वाटून मी हळूच पुढचा शब्द सांगितला.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "सकाळी आपल्या मेंढरांनी शेजारच्या गंगाबाईची तूर खाल्ली अन् वरून मीच तिला न्हाई न्हाई ते बोलले. आता कोणत्या तोंडानं म्हणू? थांब देवा, आलेच मी."

आणि ती चक्क उठून गेली. सगळे डोळे मिटून बसून राहिले. शरमेनं माझे कान तापले. कुडापलीकडून आवाज आले.

"गंगे, चुकलं माझं."

"अगं, प्रार्थना सोडून काहून आलीस?"

"तुझ्यापाशीच अडली होती ती."

मग आई परतली, मांडी घातली आणि अडलेल्या ओळीपासून आमेनपर्यंत म्हणाली.

आता कळमनुरीत मी बायकांना प्रार्थना शिकवते. कुणाकडून शिकलात, असं विचारलं की ताठ मानेनं आईचं नाव सांगते. परवा शिकवताना त्याच ओळीपाशी मला जाऊबाई आठवल्या. दोन महिने आमचं बोलणं बंद होतं.

"बसा जरा, आलेच मी," बायकांना म्हटलं आणि चपला घातल्या.